आसवापेक्षा फिकं

त्या घरात ‘टाकून दे’ असं कुणी म्हणत नसे. ‘लाव’ म्हणत. भाजीची देठं शेळ्यांना लाव, दही विरजलेल्या मडक्याचं धुवण गाईला लाव, अंड्यांची टरफलं कुटून पुन्हा कोंबड्यांनाच लाव. फाटलेलं पोतं पिल्लांच्या अंगाखाली, आणि तिथंही कुजलं की खतात. ही सगळी बोली थोरल्या जावेची.

घर दोन जावांचं. थोरली विधवा, पोटी मूल नाही. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, शेताचं बघायचा. सकाळची चूल धाकटीची, संध्याकाळची थोरलीची. एक गाय, तीन शेळ्या आणि तीस-बत्तीस कोंबड्या मात्र एकट्या थोरलीच्या. कागदावर तिच्या नावाचं काही नव्हतं. पण सकाळी बादलीची कडी वाजली की गोठा आणि खुराडं एकदम ओरडायचं. ह्या घरात राहण्याची तेवढीच तिची सनद होती, असं ती मनाशी धरून होती. म्हणून गुडघे वाळल्या वाटाण्यासारखे कडकडा वाजत असले तरी पन्नास वर्षांत तिनं बादली कुणाच्या हातात दिली नव्हती.

तिची एक रीत होती. जनावरांपुढं ठेवायचं ते आधी आपल्या जिभेला लावायचं. लोक हसत. ती म्हणे, “त्यांना बोलता येत नाही, तर आपली जीभ तरी त्यांच्या कामी यावी.” खारवलेल्या लिंबांची बरणी संपली की तळाचं पाणीही ती कोंड्यात घाली. पण बेतानं, चाखत चाखत. माप ठरलेलं होतं : डोळ्यातल्या आसवापेक्षा फिकं.

त्या दिवशी बरणी संपली. थोरलीनं कोंडा आणि उकडलेल्या साली कालवल्या, वर थोडं खारं पाणी ओतलं, बोट बुडवून चाखलं. अळणी लागलं. आणखी ओतलं. तरी अळणीच. कंटाळून तिनं बरणी उपडी केली आणि बादली घेऊन खुराड्याकडं गेली.

दुपारी कोंबड्या पाण्याच्या थाळीवर तुटून पडल्या. थाळी भरावी तोवर रिकामी. मग एकेक कोंबडी पंख पसरून भुईला टेकली. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अकरा गेल्या, त्यात नऊ तलंगा, अंड्यावर आलेल्या.

“रोग आला,” दीर म्हणाला. “आता उरलेल्याही जाणार.”

धाकटी खाली बसली. खुराड्यातल्या डोणीच्या कडेला चिकटलेला कोंडा तिनं बोटावर घेतला, जिभेला लावला आणि थू करून थुंकली.

“जाऊबाई, हे चाखलं होतंत?”

“चाखल्याशिवाय कधी देते का गं मी?”

“कसं लागलं?”

“अळणी.”

धाकटीनं नवऱ्याकडं बघितलं. तो कान खाजवायला लागला.

“काय ते बोला की,” थोरली म्हणाली. “तोंडात काय मूग धरलेत?”

“वहिनी,” दीर म्हणाला, “गेले पाच-सहा महिने रात्रीच्या भाजीत मीठ फार पडतंय.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“म्हटलं, दमल्यात, हात सुटत असेल,” धाकटी म्हणाली. “मी वाढताना पातेल्यात पाणी घालायची. तुम्ही हात धुवायला वळलात की.”

“आणि ओतून द्यायची तर ह्या घरात बंदी,” दीर म्हणाला. “मग लावली आमच्याच पोटाला. तांब्यावर तांब्या पाणी ढोसून.”

थोरली स्वयंपाकघरात गेली. मिठाच्या डब्यातली भरली चिमूट तिनं जिभेवर ठेवली आणि वाट पाहत उभी राहिली. तोंडात वाळू गेल्यासारखं झालं, दुसरं काही नाही.

ती बाहेर आली तेव्हा दीर एक कोंबडी पायाला धरून तोलत होता. “पिसं काढून बघू का? मीठ घालायचं तरी वाचलं.”

“पुरा,” थोरली म्हणाली.

“अकराच्या अकरा?”

“खोल पुरा.”

“बरं. लिंबाच्या बुडाशी पुरतो, झाडाला तरी—”

“कुठंही पुरा हो, भाऊजी. मला विचारू नका.”

असं ती कधी बोलली नव्हती. दीर निमूट फावडं आणायला गेला. थोरलीनं बादली उचलून धाकटीच्या पायाशी ठेवली. “उद्यापासून तू घे.”

“अगंबाई! म्हणजे कोंडा मी चाखायचा?”

“चाखायचा.”

“त्यापेक्षा बादली तुम्हीच धरा, मी नुसती जीभ लावते.”

“नको. मी दमले गं,” थोरली म्हणाली. तिला वाटलं होतं, हे बोलताना काळीज फाटेल. तसं काही झालं नाही. उलट कमरेचा काचलेला दोर कुणी सैल करावा तसं अंग हलकं झालं, आणि अकरा मेलेल्या कोंबड्यांसमोर असं वाटल्याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटेच जाग आली. थोरली डोळे मिटून पडून राहिली. आता आपण इथं कशाला, हा विचार आला आणि उशापाशी बसून राहिला. मग उजाडल्यावर बाहेर बादलीची कडी वाजली. थोड्या वेळानं गोठ्यातून धाकटीचा आवाज आला.

“गाय तोंडच लावत नाही!”

“हाक मार तिला!” थोरली पडल्या पडल्या ओरडली.

“काय म्हणून मारू?”

“काहीही म्हण, पण मोठ्यानं!”

धाकटी गडबडली असावी. तिच्या तोंडून सवयीचंच निघालं, “अहो जाऊबाई!”

मग मचमच खाण्याचा आवाज, आणि धाकटीचं हसणं. “बाई, बाई! ही तर तुमचीच हाक घेते हो! वर्षानुवर्षं गोठ्यात मी एवढंच ओरडत आलेय ना!”

“मग आता दोघींना हाक मारताना सांभाळून,” थोरली आतून म्हणाली.

“सांभाळायचं काय त्यात? चहा ठेवते, तेवढा घ्या. उठू नका.”

थोरली उठायला कोपरावर आली होती. ती पुन्हा आडवी झाली. ऊन खिडकीतून आत येऊन तिच्या पावलांवर पडलं होतं. ह्या वेळी ते खोलीत कुठवर येतं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.