एकमेवाद्वितीय मनोरे

इमारतींच्या प्रतिकृती घडवणाऱ्या बाबांचा एक नेम होता. नावाची पाटी चिकटवायची ती अगदी अखेरीस. आधी देह, मग नाव.

त्या सकाळी नगररचना समितीच्या दालनात दोन पुठ्ठ्याचे मनोरे मांडून ते चार पावले मागे सरले, आणि त्यांच्या पायाखालची वाळूच सरकली. पाट्यांची अदलाबदल झाली होती! लेकीच्या मनोऱ्यावर तिच्या जुन्या साहेबांचे नाव, साहेबांच्या मनोऱ्यावर लेकीचे.

लेक वास्तुविशारद, नऊ वर्षे साहेबांच्या हाताखाली राबून नुकती स्वतंत्र झालेली. ‘ही साहेबांचीच री ओढते,’ असे अवघे शहर म्हणे. ते खोटे पाडण्यासाठीच तिने हा एकेचाळीस मजली मनोरा योजला होता. समितीच्या स्पर्धेची अटही तीच : आकृती अपूर्व हवी.

बाबा तोंड उघडणार, तोच लेकीने पाटीवरचे स्वतःचे नाव पाहून आरंभ केला.

“ही कमरेतली गिरकी पाहा. या शहरात अशी दुसरी सापडणार नाही!”

साहेब शेजारच्या मनोऱ्यापाशी उभे राहिले. “आणि माथ्याचा हा तिरका छेद! तीस वर्षं मनात घोळत होता.”

गिरकी दोहोंना होती. छेदही दोहोंना होता. भेद एवढाच, की लेकीच्या मनोऱ्याला सज्जे ब्याऐंशी आणि साहेबांच्या मनोऱ्याला चौऱ्याऐंशी. ज्याने ते एकेक कापले, त्यालाच तो उमगावा.

मौन पाळले असते तर कोणाच्या बापाला कळणार होते? पण परक्याचे लेकरू आपल्या लेकीच्या पदरात पडलेले त्या वृद्ध हातांना साहवेना.

“थांबा हो. पाट्या मी उलट्या लावल्यात.”

“म्हणजे इतका वेळ तुम्ही दोघं एकमेकांचंच कौतुक करत होतात?” अध्यक्षबाईंनी विचारले, आणि दालन खदखदून हसले.

“काहीतरीच!” साहेब उसळले. “चष्मा बदला, बाबा. माझा हाच!”

लेक मात्र खाली वाकून सज्जे मोजू लागली. उठली तेव्हा तिचे कान लालबुंद झाले होते.

“बाबांचं बरोबर आहे. पण माझा कुठला ते मला मोजून ठरवावं लागलं, बाई. आराखडा मागे घेते. महिनाभर द्या.”

बाईंनी मान डोलावली. साहेब खाकरले. “मलाही तेवढीच मुदत मिळावी.” मग लेकीच्या कानाशी झुकून म्हणाले, “काय गं, काढशील ते आधी मला दाखवशील ना?”

“नऊ वर्षं तेच तर केलं, साहेब,” लेक म्हणाली. “या खेपेला आधी तुमचं दाखवा.”