शकुबाईचा काढा आणि डोक्यातले राखणदार

शकुबाईच्या काढ्याला तळवलीत आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. कोरोनात तिनं अर्ध्या आळीला गुळवेल उकळून पाजली होती आणि आपल्या घरात कुणी साधं शिंकलंही नाही, हे ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. मग सुनेचा डावा पाय लुळा पडू लागला, डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं, तेव्हा बाई गप्प बसणार होती होय? रोज सकाळी पेला भरून सुचितासमोर हजर. 'आजार म्हंजे ताकद कमी. पी!' आणि सुचिताही वर्षभर नाक दाबून पीत राहिली.

काल मात्र दवाखान्यात तिचे डोळे उघडले. डॉक्टर नंदिनीनं समजावलं, मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, मेंदूचे घरचे राखणदार. कचरा काढायचा, जंतू आला तर हाणायचा, हे त्यांचं काम. या आजारात तेच पिसाळतात आणि रक्तातून घुसलेल्या पेशींच्या जोडीनं नसांवरचं वेष्टण कुरतडतात. सोमवारी लावायची औषधाची सलाईन प्रतिकारशक्ती थोडी दाबून बाहेरून येणारी कुमक अडवेल. आतल्यांना थेट शांत करायच्या औषधांवर अजून काम चालू आहे. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण आणखी जाऊ द्यायचं नाही. काढ्याचं कळलं तशी डॉक्टर खुर्चीत पुढे सरकली. 'तो आजच बंद! गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते, आधीच भडकलेल्यांना आणखी चेतवायचं नाही. आणि त्यानं लिव्हर बिघडलं तर सलाईन लांबेल.'

तिची न्हावा शेव्याच्या बंदरातली नोकरी होती, पहिलीतली लेक सई होती. सुचिताला चालतं राहायचं होतं. घरात महाभारत झालं तरी बेहत्तर, असं ठरवूनच ती परतली.

सकाळी पेला आला.

'आई, मी नाही पिणार. आजपासून बंद.'

तिच्या नवऱ्यानं, रूपेशनं, चहाचा कप उचलून सरळ गॅलरी गाठली. असल्या वेळी तो नेहमी गॅलरीतच सापडायचा, शहाणा!

'ताकद कमी करायची सुई घेनार न माजा काढा नको?' शकुबाई कडाडली. 'डोकं फिरलं का गो तुजं?'

सुचितानं पेशी सांगितल्या, नसा सांगितल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तीही तापली.

'आई, रूपेशच्या हळदीला तुमचेच भाचे टाईट होऊन आपल्याच पाहुण्यांना बडवत सुटले होते ना? तेव्हा तुम्ही काय केलंत?'

'काय करनार? बाटल्या उचलल्या न कुलपात टाकल्या.'

'का बरं? पोरं घरचीच होती. मांडव राखायला तुम्हीच उभी केली होती. अजून पाजायची!'

'अगो, मंग मांडव तरी राहिला असता का?'

'माझ्या डोक्यात तेच चाललंय, आई.'

शकुबाईनं हातातला पेला खाली ठेवला. मग तिनं हळूच विचारलं, 'म्हंजे वरीसभर त्यांना मीच पाजत होते?'

सुचिताला नाही म्हणून टाकावंसं वाटलं, पण मग उद्या पुन्हा पेला आला असता.

'हो,' ती म्हणाली. 'मायेनं पाजलंत. पाय त्यानंच गेला असं कुणी म्हणत नाही. पण आता थांबायचं. आणि सोमवारी माझ्यासोबत तुम्ही या. रूपेशला सुई बघूनच घेरी येते.'

शकुबाईनं पदरानं डोळे पुसले.

'येनार. न त्या डॉक्टरनीला आधी मी सांगनार, पाजनारी मी हाय. माज्या सुनेला एक शब्द बोलायचा नाय.'