पाठकोरे कागद

“ग्रीक म्हणे! इथे राहायचे आमचे परवाने, इकामे रद्द व्हायला आलेत, आणि हिला ग्रीक सुचतंय.”

रेवा पुटपुटली ती चहाच्या कपांपाशी. पण ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी उभी असलेली पद्मजा काही बहिरी नव्हती. तिनं शेवटच्या संचाला टाचणी लावली आणि बोट तोंडात घातलं. टोचलं होतं.

“हाशमभाईंना बिनसाखरेचा दे हं,” एवढंच ती म्हणाली.

जेद्दातल्या त्यांच्या वाचनमंडळात आता पाच डोकी उरली होती. महिन्यातून एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून हाशमभाई शराफिया भागातून समोसे घेऊन आले, की बैठक सुरू. आजची पद्मजा-शिरीषकडे होती. रेवा आणि तिच्या नवऱ्याची, मनीषची, शेवटची. परदेशी माणसं कमी करून सौदी घ्यायचे, असं कंपनीत ठरलं होतं. शिरीषच्या हाताखालच्या विभागातून एकाला जायचं होतं, आणि तो मनीष निघाला. सतरा वर्षं दोघांनी एका टेबलावर डबे उघडले होते. मनीषचा मुलगा बारावीत. परीक्षा चार महिन्यांवर.

“नाव वरून आलं,” शिरीष सगळ्यांना सांगत होता. पंधरा दिवस पद्मजाही रेवाला फोनवर तेच सांगत होती.

तिनं संच वाटले. प्रत्येकावर नाव होतं.

“हा ग्रीक कवी पुस्तक काढायचा नाही,” ती म्हणाली. “कविता सुट्या कागदांवर, टाचून, माणूस बघून द्यायचा. म्हटलं, आपणही तसंच करू.”

इंग्रजीवरून तिनं केलेला अनुवाद होता, स्वतःच्या हातानं उतरवलेला. कागद शिरीषच्या ऑफिसातले पाठकोरे. मुलांची गणितं, वाण्याच्या याद्या, सगळं ह्या घरात त्यांच्यावरच झालं. छापील बाजू उलटून बघायची नाही, हा तिचा नियम. नाहीतर नवऱ्याचं ऑफिस घरात शिरायचं.

“जन्म इजिप्तमधला, मरणही तिथलंच. पण कागदोपत्री ग्रीक, म्हणून कायमची नोकरी नाही. पाटबंधारे खात्यात कारकून. ठरावीक मुदतीची नेमणूक, मग पुन्हा नवी. अशी तीस वर्षं.”

“तीस?” हाशमभाई म्हणाले. “त्याला ठेवून घेणारा कफील बरा होता म्हणायचा.”



“साहेब बरा असेल,” रेवा म्हणाली.

“साहेबाच्या हातात काही नसतं, वहिनी.” शिरीष कपाची कड पुसत होता.

“हो ना. सगळं वरून येतं. पक्ष्यानं डोक्यावर घाण करावी, तसं.”

“रेवा, समोसा घे,” मनीष म्हणाला.

“तूच घे. शेवटचाच आहे तुझा इथला.”

पद्मजा वाचू लागली. दुसऱ्या कवितेपाशी सगळ्यांनी पान उलटलं. तिसऱ्यापाशीही उलटलं, रेवानं मात्र तिचं पान उलटून तसंच धरून ठेवलं. पुढची कविता दुसऱ्या कागदावर होती, आणि ती बघत होती ह्याच कागदाच्या पाठीकडे.

“मागचं काही वाचू नका,” शिरीष एकदम म्हणाला. “कच्चं काम होतं. फेकायचंच होतं ते.”

“मी मागचं वाचतेय, असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

हाशमभाईंनी अर्धा समोसा बशीत ठेवला. मनीष जमिनीवरच्या गालिच्याकडे बघत होता. त्यानं हात पुढे केला नाही. रेवानंही कागद त्याच्याकडे दिला नाही. टाचणी काढली, ते एक पान सुटं केलं आणि पद्मजासमोर धरलं.

वर विभागातली नावं छापलेली. खाली, कोणाला काढायचं त्या जागी, निळ्या शाईतलं शिरीषचं तिरकं अक्षर. आधी त्यानं स्वतःचंच नाव लिहिलं होतं. मग पट्टी लावून, सरळ रेघ मारून खोडलं होतं. त्याखाली मनीषचं. त्यावर रेघ नव्हती. तारीख गेल्या महिन्याची.

पद्मजानं कागद पुन्हा उलटा केला. ह्या बाजूला तिचं अक्षर, गोल, नीट ओळीत. ‘पूर’ शब्दापाशी एकदा खाडाखोड केली होती, ती तिला आत्ताच दिसली.

“पद्मा, ते वरूनच सांगितलं होतं की एक—” शिरीष म्हणाला.

“थांबा.” तिनं कागद खाली ठेवला. आवाज मघाशी वाचत होती तसाच, सपाट.

“नाव वरून नाही आलं, रेवा. ह्यांनी दिलं. मी कागद उलटून बघत नव्हते, एवढंच.”