खोपटामागचे अडतीस सेंटिमीटर

मित्रांनो, बर्फ मोजायचा एक जुना दांडा तुमच्याशी बोलतो आहे. मी लाकडाचा आहे, माणसापेक्षा हातभर उंच, आणि पायापासून डोक्यापर्यंत माझ्या अंगावर तांबड्या रेघा मारलेल्या आहेत. खरं सांगू? आता मला उभं राहायचाही कंटाळा येतो. पण दांड्याला बस म्हणणारं कुणी भेटत नाही, तेव्हा उभ्या उभ्याच सांगतो.

मला गाश्पारने घडवलं. तात्रा पर्वताच्या कुशीतल्या एका खेड्यात त्याचं पाहुण्यांना उतरायचं चार खोल्यांचं घर होतं. घरासमोर कुरणाचा उतार आणि त्यावर स्की करणाऱ्यांना वर ओढून नेणारी गावाची एकुलती एक लिफ्ट. तीस सेंटिमीटर बर्फ साचल्याशिवाय ती लिफ्ट जागची हलायची नाही. त्यामुळे शहरातून येणारी मंडळी निघायच्या आधी फोन करून एकच गोष्ट विचारत, "किती झाला?" गाश्पारने वडिलांच्या मोडक्या गवतगाडीचा दांडा तासला, त्यावर रेघा ओढल्या आणि मला कुरणाच्या ऐन मध्यावर रोवलं. तिथे वारा असा झोडपायचा की बोलायची सोय नाही. बायकोने, झोफियाने, किती वेळा सांगितलं, "अहो, जरा घराजवळ रोवा ना." गाश्पार ऐकायचा नाही. लोक आडोशाला स्की करत नाहीत, ते उघड्यावर करतात, एवढंच म्हणायचा.

तीस वर्षं तो रोज सकाळी माझ्यापाशी यायचा, वाकून आकडा बघायचा आणि तोच फोनवर सांगायचा. पाच असले तर पाच. असे कितीतरी पाहुणे त्याने स्वतःच्या तोंडाने परतवले. म्हणून तर ज्यांना या म्हटलं ते डोळे मिटून येत. त्रनावा शहरातला इमरिख त्यातलाच. त्याचा मुलगा राडोवान याच उतारावर स्की शिकला. माझ्यावर दोनदा येऊन आदळलाही, पण ते जाऊ द्या.

मग गाश्पार गेला. झोफियाचे गुडघे काही तिला रोज कुरणापर्यंत जाऊ देईनात. तिने मला उपटलं आणि सरपणाच्या खोपटामागे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेन असं रोवलं. मित्रांनो, तिथे वारा नाही. उलट खोपटाच्या छपरावरचा सगळा बर्फ घसरून माझ्याच पायाशी येऊन पडतो. कुरणावर दहा असला की माझ्यापाशी तीस. पहिल्या हिवाळ्यात तिच्या ध्यानात आलं नसेल. दुसऱ्या हिवाळ्यात आलं, मी तिचा चेहरा पाहिला आहे. तरी तिने मला हलवलं नाही. चारही खोल्या रिकाम्या होत्या, आणि एकटीसाठी रोज चूल पेटवायचा तिला वीट आला होता.

आता यंदाचं ऐका. नोव्हेंबर संपत आला होता. राडोवानचा फोन आला. झोफियाला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोनचा आवाज मोठा करून माझ्यासमोरच्या खिडकीत उभी राहते, मला सगळं ऐकू येतं.

"मावशी, बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "सहा डिसेंबरच्या मिकुलाशच्या सणानंतर लगेच, मंगळवारी. डॉक्टर म्हणतात, मग स्की विसरा. बाबांना त्याआधी एकदा ल्युब्काला शिकवायचंय. नातीला मीच शिकवणार, असा हट्टच धरून बसलेत."

"मग या की."

"बर्फाचं काय? मोबाईल सकाळी एक सांगतो, दुपारी दुसरंच. पलीकडच्या उंच डोंगरावर यंत्राने बर्फ पाडतात, तिथे एक खोली धरून ठेवलीय. गुरुवारपर्यंत कळवायचंय."

मागून इमरिखचा आवाज आला. "अरे, त्या मोबाईलला काय विचारतोस? गाश्पारच्या दांड्याला विचार."

त्या दिवशी माझ्यापाशी चोवीस होता. झोफियाने चोवीस सांगितलं. सोमवारी थोडा पडला, छपरावरून घसरला, एकतीस झाला. बुधवारी वारा सुटला आणि कुरणावरचा बहुतेक बर्फ दरीत गेला. खोपटाआड मला त्याचा स्पर्शही झाला नाही, उलट छपरावरचा उरलेला बर्फही माझ्या पायाशी घसरला. गुरुवारी पुन्हा फोन वाजला. झोफियाने खिडकीतून कुरणाकडे पाहिलं. तिथे गवत दिसत होतं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अडतीस," ती म्हणाली.

मला तोंड असतं तर ओरडलो असतो. पण खोटं तरी कसं म्हणू? अडतीसच्या रेघेपर्यंत बर्फ होताच. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी पलीकडची खोली सोडली. शनिवारी सकाळी गाडी आली. लिफ्टला कुलूप, उतारावर दगड डोकं वर काढून बसलेले. राडोवान गाडीतून उतरला. त्याने लगेच पलीकडे फोन लावला. सणामुळे तिथे आता एकही जागा उरली नव्हती.

इमरिख लंगडत लंगडत खोपटामागे आला. माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून छपराकडे. मग दोन्ही हातांनी मला उपटलं, कुरणाच्या मध्यावर नेलं आणि रोवलं. सात सेंटिमीटर. वारा पुन्हा अंगाला लागला तेव्हा मला रडू येईल असं वाटलं.

झोफिया मागोमाग आली होती. "भावजी, मला माहीत होतं," ती म्हणाली. "गुडघ्यांचं निमित्त सांगणार नाही. तुम्ही येणार म्हणून आठ दिवस घर झाडतेय. खरं सांगितलं असतं तर कुणी आलं नसतं."

"नसतोच आलो, वहिनी," इमरिख म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. "पलीकडे गेलो असतो. पोरीला वरून खालपर्यंत घेऊन आलो असतो. एकदा. एवढंच हवं होतं मला. आता ते व्हायचं नाही."

राडोवान म्हणाला, "बाबा, चला घरी." म्हातारा हलला नाही. त्याने ल्युब्काला हाक मारली, तिच्या पायात स्की अडकवल्या आणि जिथे उतार नाही असा सपाट तुकडा शोधला.

"आजोबा, इथे तर घसरतच नाही," ती म्हणाली.

"घसरायचं नंतर बाबा शिकवेल. मी पडायला शिकवतो. पडायचं ते कुशीवर. हात मागे टेकायचा नाही. हं, पड."

ती पडली. उठली. पुन्हा पडली. दुपारपर्यंत तिने अख्ख्या कुरणाचा चिखल करून टाकला, आणि इमरिख काठीवर टेकून "गुडघे वाकव, गाढवा" म्हणत राहिला. स्वतः त्याने स्की बांधल्याच नाहीत. संध्याकाळी जाताना झोफियाने कोबीचं गरम सूप पुढे केलं. ते त्याने प्यायलं, पण नेहमीसारखं "पुढच्या वर्षी येतो" काही म्हणाला नाही.

मित्रांनो, मी अजून कुरणातच आहे. माझ्या रेघा पुसट झाल्या आहेत, बुंध्याशी लाकूड कुजायला लागलं आहे, फार दिवस टिकेन असं वाटत नाही. वाऱ्याने हाडं खिळखिळी होतात. तरी माझं तुम्हाला एक मागणं आहे. मोजायची कुठलीही वस्तू जपायची म्हणजे तिला नुसतं रंगवायचं नाही. तिला योग्य जागी उभं करा आणि ती जे सांगेल ते सोसा. तुमच्यावर विसंबून कुणीतरी आपला शेवटचा शनिवार ठरवत असतो.

झोफिया आता रोज सकाळी दोन काठ्या टेकत इथवर येते. वाटेत तीनदा थांबते. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी ती इथे असतानाच इस्पितळातून फोन आला. इमरिखचा.

"किती?" त्याने विचारलं.

झोफिया माझ्यापाशी वाकली. बर्फ बोटाने बाजूला सारून तिने दोनदा पाहिलं.

"चार," ती म्हणाली. "गवत दिसतंय, भावजी."



"बरं," तो म्हणाला. "उद्या पुन्हा बघून सांगा."