शंतनूने केलेला फोन

गिरावीन या उपनगरातल्या हॉलमध्ये रविवारी दुपारी शिरीषचं भाषण होतं. तो वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायचा. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फुटलेल्या डच जहाजांबद्दल बोलायला मराठी मंडळाने त्याला बोलावलं होतं. ईमेलखाली अध्यक्ष म्हणून शंतनूचं नाव दिसलं आणि त्याने तिथल्या तिथे होकार कळवला.

सतरा वर्षांपूर्वी शिरीष, तनय आणि शंतनू, तिघं स्टुडंट म्हणून एका घरात राहायचे. शिरीषचं आणि तनयचं एकमेकांवर प्रेम होतं. शंतनूला ते कळलं, तसा त्याने दोघांशी अवाक्षरही न बोलता तनयच्या वडिलांना पुण्याला फोन लावला. आई आजारी आहे असं सांगून घरच्यांनी तनयला बोलावून घेतलं, पासपोर्ट काढून घेतला आणि त्याचं लग्न लावून दिलं. फोन कुणी केला होता, ते तनयने शिरीषला एकदाच चोरून कळवलं. तो परत आलाच नाही. दारूच्या आहारी गेला, आणि गेल्या दिवाळीच्या आधी लिव्हर निकामी होऊन मेला. शिरीषला ते फेसबुकवर कळलं.

भाषणाची तयारी त्याने दातओठ खात केली होती. बोलताना मात्र आवाज शांत होता.

"१७२७ साली झेवाईक नावाचं जहाज इथल्या पश्चिम किनाऱ्याजवळ खडकांवर आपटलं. वाचलेले लोक एका बेटावर राहिले. तिथे दोन खलाशी पोरांना एकत्र पाहिल्याची साक्ष तिघांनी दिली. पोरं नाही नाही म्हणत राहिली. युरोपात तेव्हा अशा पुरुषांना बुडवून, गळा आवळून मारायचे. इथे दोघांना दोन वेगळ्या बेटांवर नेऊन सोडलं. मरायला. मग बाकीच्यांनी जहाजाच्या लाकडांची होडी बांधली आणि ते निघून गेले."

पुढच्या रांगेतल्या सुनीतीकाकूंना राहवलं नाही. "अरे, पण त्या पोरांची नावं सांगून त्या तिघांना मिळालं काय?"

असा काही प्रश्न येईल याची तो वाटच बघत होता. "ते सांगणारा माणूस इथेच बसलाय, काकू. शंतनू, बोल ना. तनयच्या बाबांना फोन करून तुला काय मिळालं?"

शंतनूचा चेहरा पांढराफटक पडला. "शिऱ्या, प्लीज. मुलं आहेत इथे."

"तनयही कुणाचा तरी मुलगाच होता."

मग शिरीषने सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही.

शंतनूची पंधरा वर्षांची मुलगी, मयूरा, उभी राहिली. "बाबा, डिड यू डू दॅट?"

शंतनू खाली मान घालून बसला. ती तरातरा बाहेर निघून गेली.

कार्यक्रमानंतर शंतनूने शिरीषला कार पार्कमध्ये गाठलं. डोळे लाल झाले होते. "एकवीस वर्षांचा होतो रे मी. घाबरलो होतो."

"तनयही एकवीसचाच होता."

"माफ नाही करणार?"

"नाही."

पंधरा दिवसांनी सुनीतीकाकूंनी कळवलं, शंतनूने अध्यक्षपद सोडलं, मयूरा त्याच्याशी बोलत नाही. शिरीष आता तरी विरघळेल असं त्यांना वाटलं असावं.

"मयूराला सांगा," तो म्हणाला, "आणखी काही विचारायचं असेल तर मी आहे."