किरायदाराची चूळ

मोतीरामनं खोली सोडली त्या सकाळी विमलनं दार ढकललं आणि तशीच दोन पावलं मागं सरकली. कापडदुकानातला हा मोतीराम दोन वर्षं परीटघडीचे कपडे घालून गावभर मिरवला, आणि खोली अशी! दारामागची भिंत कमरेपर्यंत पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल. खाटेच्या उंचीवर ढेकूण चिरडल्याचे तपकिरी फराटे, ओळीनं, पोरानं पाटीवर उजळणी गिरवावी तसे. मोरीत शिळा भात फुगून पांढरा झालेला आणि त्यात केसांचा गुंता. तो विमलनं नाक दाबून बोटांनी ओढून काढला.

खोली एक वेळ सारवून, चुना मारून माणसात येते. आडाचं तसं नव्हतं. परसातला आड एकच. घरचे त्यातलंच पाणी पीत आणि किरायदारही त्यातलंच. मोतीराम आडाच्या काठावर बसून तंबाखूनं दात घासायचा आणि पचापचा तिथंच थुंकायचा. पावसाळ्यात मनकर्णाबाईंना, म्हणजे विमलच्या आईला, हगवण लागली ती महिनाभर. बाई पार काडी झाली. मग आड उपसला, तर गाळातून पानाचे चोथे, कसली तरी बुळबुळीत चिंधी आणि फुगलेली घूस निघाली. हेच पाणी आपण पीत होतो, हे आठवलं की विमलला अजून जीभ खरवडावीशी वाटे.

बाप वारल्यापासून घर त्या खोलीच्या किरायावर चालायचं. खोली रिकामी ठेवून भागणार नव्हतं. म्हणून कापसाच्या जिनिंगमधले मुनीम शालिग्रामराव चौकशीला आले तेव्हा मनकर्णाबाईंनी त्यांना पाट दिला, चहा दिला आणि पारख सुरू केली. गाव कोणतं? मेहकर. मामाचं आडनाव? मोठे भाऊ काय करतात? मोगलाईत सोयरे कोणाकडचे? शालिग्रामरावांच्या कानात अत्तराचा फाया होता, आणि प्रत्येक उत्तराआधी ते "बालाजीच्या दयेनं" म्हणत. मनकर्णाबाई विरघळल्याच.

ते गेल्यावर विमल म्हणाली, "आई, तू किरायदार पाहून राह्यली का जावई?"

"चूप बस. खानदानी माणूस हाय."

"खानदान काय आडात पोहरा सोडते? घरात राह्यते कसा, ते काऊन नाही इचारलं?"

"असं तोंडावर इचारतेत का कोणी? सोमवारी सामान येते त्याईचं. मी शब्द देऊन बसली."

घर आतून कसं आहे ते आपणच पाहायचं, असं विमलनं ठरवलं. संक्रांतीचे दिवस होते. शेजारच्या मंजुळाकाकूंकडे हळदीकुंकू होतं आणि आमंत्रणं द्यायचं काम दरवर्षी विमलकडे. कुंकवाचा करंडा हातात असला की पोरीला कुणी ओट्यावरून परत पाठवत नाही, थेट चुलीपर्यंत वाट मोकळी. काकूंनी सांगितलेली अकरा घरं झाली. बारावं तिनं आपल्या मनानं धरलं, शालिग्रामरावांचं.

त्यांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, हसून आत घेतलं. बैठकीत पितळी समया लखलखत होत्या. स्वयंपाकघरात पाय टाकला तो चिकट जमिनीला चपकन चिकटला. चुलीमागं खरकट्याचा ढीग, त्यावर माश्यांचं काळं पांघरूण. काल-परवाच्या भाजीला बुरा आलेला. विमलनं श्वास रोखून अन्नपूर्णाबाईंच्या कपाळी कुंकू लावलं.

तेवढ्यात शालिग्रामराव जेवायला आले. तोंडात पान होतंच. त्यांनी रांजणातून ओगराळंभर पाणी घेतलं, ओगराळंच ओठाला लावून खळखळ चूळ भरली, कोपऱ्यात टाकली, आणि ते तसंच लाल काठाचं ओगराळं परत रांजणात बुडवलं.

"पोरीले पाणी दे न वं," ते बायकोला म्हणाले.

त्याच ओगराळ्यानं भरलेला पेला विमलच्या हातात आला. वर पानाचा एक बारीकसा तुकडा तरंगत होता.

"मले उपास हाय!" विमल ओरडलीच.

"पाण्याचाही?"

"पाण्याचाच हाय!"

पळत घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं तोंड वाकडं केलं खरं, पण म्हणाली, "माणूस चूळ भरणारच. तुले तं काहीही शिसारी येते."

"रांजणात, आई! उद्या आपल्या पोहऱ्यात भरीन तो."

"मी शब्द देल्ला, विमल. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

सोमवारी बैलगाडी दारात उभी राहिली. समया, पेट्या, गाद्या. शालिग्रामराव पान चघळत उतरले, "बालाजीच्या दयेनं" म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढं केला. मनकर्णाबाईंनी कनवटीची किल्ली काढली. विमल उंबऱ्यात आडवी आली.

"काका, आमच्या आडावर चूळ कुठं भराल? पोहऱ्यातच का?"

समोरच्या ओट्यावरच्या बाया फिसकन हसल्या. शालिग्रामरावांचं तोंड पानापेक्षा लाल झालं.

"पोर हाय, मनावर नका घेऊ," मनकर्णाबाई हात जोडून म्हणाल्या आणि विमलच्या दंडाला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वळण लावा तिले, बाई! काय घर हाय का काय!" आणि रागाच्या भरात, इतक्या वर्षांच्या सवयीनं, शालिग्रामराव पचकन थुंकले. नुकत्या सारवलेल्या उंबऱ्यावर. लाल ओघळ रांगोळीवरून खाली उतरू लागला आणि त्यात सुपारीचं खांड अडकून राहिलं.

मनकर्णाबाई त्या ओघळाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी किल्ली परत कनवटीला खोचली.

"गाडी वळवा," त्या गाडीवानाला म्हणाल्या.

"काऊन? शब्द देल्ला ना तुम्ही?" शालिग्रामराव गरजले.

"देल्ला होता. खोली नाही द्यायची मले."

गाडी वळली, शालिग्रामराव कोपऱ्यापर्यंत मनकर्णाबाईंच्या खानदानाचा उद्धार करत गेले. बाया आत गेल्या. महिनाभर तरी किराया येणार नव्हता, आणि त्याचा राग काढायला मनकर्णाबाईंसमोर एकच माणूस उभं होतं.

"तोंड लई चालते ना तुयं? आन बादली. आता हात चालव."

विमलनं नाक मुरडलं, डोळे मिटले आणि फडकं त्या ओघळावर ठेवलं. "ई! गरम हाय अजून!"

"मंग? घास," म्हणत आई शेणाचा गोळा घेऊन तिच्या शेजारी बसली.