चार डोळ्यांची काडी

द्राक्षमळे राखणाऱ्या संत विन्सेंटच्या दिवशी, भर जानेवारीत, यालझा बर्फ तुडवत मळ्यात गेली. द्राक्षवेलीच्या बुंध्याशी तिने वाइन ओतली, सॉसेजसारखे लांब घड लागावेत म्हणून वर सॉसेजची माळ टांगली आणि त्याच वेलीची तीन डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटायच्या तीन गाठींची, काडी कापून घरी आणली. झागोर्येच्या टेकड्यांवर सगळेच हे करतात. काडी चुलीजवळ पाण्यात ठेवायची. फूट आली तर वर्ष पिकाचं, नाहीतर बोंब.

यंदा यालझाने त्या काडीवर आपलं घरही टांगलं होतं. नवरा इम्ब्रो वर्षापूर्वी गेला. फूट आली तर मळा ठेवायचा, नाही आली तर विकून लेकीकडे झाग्रेबला जायचं. लेक नेवेन्का दर रविवारी येऊन विकण्याचंच तुणतुणं वाजवायची.

तीन आठवडे काडी ढिम्म. "वाइन ढोसताना बरा जागा होतास," यालझा रोज संताला सुनावायची. आतून मात्र ती धास्तावली होती.

एका सोमवारी चष्मा लावून बघते तर काडीला हिरवा कोंब. म्हातारीला रडूच आलं. मग डोळे पुसून तिने काडीचे डोळे मोजले. चार होते.

संत चमत्कार करतो, मान्य. पण जादा डोळा कशाला लावील? तिला चैन पडेना. तिने शेजारच्या मिश्कोला गाठलं.

"भावजी, माझी काडी तुम्ही बदललीत?"

"मी? आणि चार डोळे ठेवीन?" मिश्कोला ते फार लागलं. "पिता, पुत्र, पवित्र आत्मा. चौथा कोण, तुझा जावई? इथलं शेंबडं पोरसुद्धा तीनच ठेवतं, वहिनी."

म्हणजे हा उद्योग इथल्या कुणाचा नव्हता. रविवारी सूप वाढल्यावर यालझाने काडीची बरणी लेकीपुढे ठेवली. "ही कुठली?"

नेवेन्काचे कान लाल झाले. "आपल्याच मळ्यातली. खालच्या ओळीतली. तू कापलीस ती वेल मेलीय, आई. म्हणून मी ही नेली, घरी हीटरवर फुलवली आणि मागच्या रविवारी ठेवली."

"तुला तर मळा विकायचा होता."

"अजूनही वाटतं विकावा. पण तू त्या काडीकडे जशी बघायचीस, ते मला बघवेना."

यालझाला राग यायला हवा होता. पण खालची ओळ जिवंत आहे, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं. इम्ब्रो गेल्यापासून ती तिकडे फिरकलीच नव्हती.

"आणि चार डोळे?"

"मला काय ठाऊक किती ठेवतात? विन्सेंटला बाबा पुरुषांना घेऊन मळ्यात जायचे. मी इथे तुझ्याबरोबर बटाटे सोलत असायचे."

ते खरं होतं, आणि यालझाला ते बोचलं. तिने उठून खुंटीवरची इम्ब्रोची कात्री काढली आणि लेकीच्या ताटाशेजारी ठेवली.

"पुढच्या विन्सेंटला तूच काप," ती म्हणाली. "तीन ठेव. आता सूप पी, निवतंय."